समोरून आलेली हाक

शकू भोईरला शाळेत सगळे शकूमावशी म्हणत. नालासोपारा पश्चिमेकडून कळंबच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक बालशाळा आहे. ज्युनिअर केजी आणि सिनिअर केजी मिळून दोनशेच्या वर पोरं. तिथे ती चौदा वर्षं कामाला होती. सकाळी सातला कुलूप काढायचं, वर्ग झाडायचे, कुणाची चड्डी ओली झाली तर बदलायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. आणि शाळा सुटली की पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा.

हे शेवटचं काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. ती लागली तेव्हा रस्त्यावरून तासाला चार गाड्या जायच्या. मग दोन्ही अंगांना इमारती उठल्या, समुद्राकाठी कॉटेज झाली, आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रीघ लागू लागली. पोरं गेटाबाहेर घोटाळत उभी राहायची. एके दिवशी शकूने दोघांचे हात धरले आणि पलीकडे नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी चौघं तिच्या साडीला लोंबकळली. तेव्हापासून ते काम तिचंच झालं. पलीकडे आईबाप गाडीवर बसून वाट बघत असायचे. गाडी वळवून शाळेच्या बाजूला आणायची तर पुढच्या नाक्यापर्यंत जावं लागे, एवढा खटाटोप कोण करणार? मावशी आहेच की.

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका शनिवारी साडेअकराला शाळा सुटली. सकाळभर रिमझिम होती, मग उघडलं होतं. शकूच्या उजव्या हातात सिनिअर केजीची तेजस्वी होती, डाव्या हातात शॉन नावाचा एक मुलगा. गेटाबाहेर नेहमीसारखी स्कूटर-मोटारसायकलींची रांग लागली होती. दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत उभं राहून शकू गाड्यांचा ओघ थांबायची वाट बघत होती. तेवढ्यात शॉनच्या चपलेचा अंगठा निसटला आणि तो खाली वाकला. शकूने मान त्याच्याकडे वळवली.

पलीकडून आवाज आला, "तेजू, ये."

तेजस्वीची बोटं हातातून निसटल्याचं शकूला कळलं. ओल्या साबणाची वडी निसटते ना, अगदी तसं. मान वळवेपर्यंत पोरगी रस्त्यात होती.

आवाज फार मोठा झाला नाही, हे शकूला पुढे कित्येक दिवस खरं वाटत नव्हतं. दार लोटल्यासारखा एक दबका आवाज, मग ब्रेकची किंकाळी, मग काहीच नाही. पांढऱ्या गाडीतून एक पंचविशीतला मुलगा उतरला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून तिथेच बसला. तेजस्वी गाडीच्या पुढे चार हातांवर पडली होती. तिचा एक पाय ज्या बाजूला वळला होता, त्या बाजूला माणसाचा पाय वळत नाही. डोळे उघडे होते. ती रडत नव्हती. ती शकूकडे बघत होती, जणू आपलं काही चुकलं का, असं विचारत असावी.

पलीकडे तिचा बाप अल्पेश स्कूटरवर बसलेला होता. त्याचा उजवा हात अजून वर होता, हाक मारताना उचललेला. तो हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. शकूने त्याचा तो चेहरा पाहिला आणि मान खाली घातली.

रिक्षात घालून पोरीला दवाखान्यात नेलं. अल्पेशच्या मांडीवर पोरगी, शेजारी शाळेच्या मुख्याध्यापिका प्रिस्का टीचर. शकू रस्त्यावरच उभी राहिली, शॉनचा हात घट्ट धरून. शॉनची आई आली, तिने पोराचा हात सोडवून घेतला तेव्हा त्याच्या मनगटावर शकूच्या बोटांचे लाल वळ उठले होते. दहा मिनिटांत रस्ता पुन्हा वाहायला लागला. गाडीच्या काचेचे तुकडे चाकांखाली कुरकुरत होते आणि माणसं हॉर्न वाजवत होती. शकूला वाटलं, आपण मघाशी जे बघितलं ते झालंच नसावं. मग तिला गटाराच्या कडेला पडलेली पाण्याची बाटली दिसली. गुलाबी रंगाची, वर सशाचं चित्र. ती उचलायला तिचे पाय पुढे जाईनात.

दुपारी वाहतूक शाखेचे हवालदार जितेंद्र आले. जवळच राहणारा शांत स्वभावाचा माणूस. त्यांनी शकूला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, नेमकं काय झालं?"

"माज्या हातातून सुटली."

"कशी सुटली?"

शकूने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मना नाय समजलं. हात धरलेला होता. सुटला."

हाकेचं ती बोलली नाही.

तेजस्वी वाचली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, कमरेच्या हाडाला तडा गेला होता. डोकं मात्र सलामत होतं. पहिलं ऑपरेशन रविवारी झालं. तोवर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल लागून गेला होता. मावशीने हात सोडला. मावशीचं वय झालंय. एक मावशी एका वेळी किती पोरं नेते, शाळेला कळत नाही का? कुणीतरी लिहिलं, पोलिसांत द्यायला पाहिजे. ज्यांची पोरं चौदा वर्षांत शकूच्या हाताला धरून मोठी झाली, त्यांतल्या कुणीही उलट लिहिलं नाही. संस्थेच्या माणसांनी प्रिस्का टीचरना कळवलं की मावशीला काही दिवस घरी राहू दे.

शकू घरी राहिली. नवरा जयराम वाडीत भाजीचे वाफे करायचा. तो दुपारी घरी यायचा तेव्हा ती ओट्यावर बसलेली असे, उजवा हात डाव्या हातात धरून. दुखणाऱ्या पोराला धरावं तसा. चौथ्या दिवशी जयराम तिच्याजवळ बसला.

"तू कायतरी दाबून ठेवलंस."

"नाय."

"तीस वर्सं बगतोय तुला. बोल."

मग शकूने सांगितलं. जयराम ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "हे लोकांना सांगायला नको? तुज्यावर सगला आळ आलाय."

"त्याचं तोंड मी बगितलं," शकू म्हणाली. "त्याच्यावर आनखी काय घालू? आनि हात तर सुटलाच ना. माज्याच हातातून."

संध्याकाळी जयरामने भाकरी थापली. तिने अर्धी खाल्ली.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, शाळेत पालकांची सभा ठेवली. वर्गातल्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हवालदार जितेंद्र आले होते. प्रभाग कार्यालयातला हर्षवर्धन नावाचा तरुण अभियंता वही घेऊन मागे टेकून उभा होता. प्रिस्का टीचरनी शकूलाही बोलावलं होतं. ती दाराशी जमिनीवर बसली, बाकावर बस म्हटलं तरी बसली नाही.

बोलणं सुरू झालं आणि सगळ्यांची बोटं एका दिशेला वळली. पिवळ्या शर्टातला एक बाप उठून म्हणाला, "आम्ही फी भरतो. मुलं गेटाबाहेर जाईपर्यंत जबाबदारी शाळेची. मावशीने लक्ष दिलं असतं तर हे झालंच नसतं." बऱ्याच माना हलल्या. शकूला त्या माना हलताना दिसल्या. एखादं गाणं सुरू असावं आणि सगळ्यांनी ताल धरावा, तशा. तिला राग आला नाही. तिला नुसतं आश्चर्य वाटलं, की इतक्या माणसांना एकच गोष्ट इतकी पक्की माहीत असू शकते.

तेव्हा अल्पेश आत आला. कुणाला तो येईलसं वाटलं नव्हतं. पोरगी अजून दवाखान्यात होती. दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशात औषधांच्या चिठ्ठ्या. तो फळ्यापाशी गेला आणि वळला. प्रिस्का टीचरनी खुर्ची पुढे केली, ती त्याने हाताने मागे सारली.

"मावशीने हात सोडला नाही," तो म्हणाला. "मी हाक मारली."

बाकांवरच्या माना दाराकडे, शकूकडे वळल्या.

"मला एका गिऱ्हाइकाकडे वायरिंगला जायचं होतं. उशीर झालेला. मी समोरून म्हटलं, तेजू, ये. ती आली." तो थांबला. "मी रोजच हाक मारायचो. ती रोजच यायची. त्या दिवशीपण आली. बाबा बोलावतो म्हणजे यायचंच ना. तिला दुसरं काय माहीत?"

पिवळ्या शर्टातला बाप खाली बसला. अल्पेशने शकूकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघून म्हणाला, "मावशीने ऐकलं होतं. मला माहिती आहे ऐकलं होतं. पोलिसांना तिने सांगितलं नाही. दवाखान्यात बसून मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. तिने सांगितलं नाही. म्हणून मी आलो."

शकूने पदर तोंडाशी धरला. आपण गप्प राहिलो तेव्हा या माणसाचं ओझं उतरवलं, असं तिला वाटलं होतं. ते ओझं तो इतके दिवस दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि आपण त्याला ते खाली ठेवू दिलं नाही, हे तिला आता कळलं.

मागच्या बाकावरून एक बाई हळूच म्हणाली, "मीपण हाक मारते." मग कुणीतरी म्हणालं, "आम्ही सगळेच." माणसं आपापल्या मुलांचा विचार करत होती आणि त्यांचे चेहरे उतरत होते. एका आजोबांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

प्रिस्का टीचर उठून कपाटाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिवळी पडलेली एक फाईल होती. त्यांचा आवाज नेहमी वर्गाच्या टोकापर्यंत पोहोचायचा, त्या दिवशी पोहोचेना.

"हा अर्ज तीन वर्षांपूर्वीचा आहे. गेटासमोर गतिरोधक, कठडा आणि शाळा सुटताना एक पोलीस. मीच लिहिला होता. पालकांच्या सह्या घेऊन प्रभाग कार्यालयात द्यायचा ठरला होता." त्यांनी कागद उलटा करून दाखवला. "दोनशे अकरा पालकांपैकी सहा सह्या झाल्या. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. मी फाईल कपाटात ठेवली. दिलाच नाही."

हर्षवर्धनने वही मिटली. "म्हणजे आमच्याकडे आलाच नाही?"

"नाही."

त्या कागदावर चौथी सही पिवळ्या शर्टवाल्याची होती, तेव्हा त्याचं थोरलं पोर इथे होतं. त्याने ती लांबून ओळखली आणि मान फिरवली. सही केल्याचं त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, हर्षवर्धन टेप घेऊन जागा बघायला आला. हवालदार जितेंद्र होते, प्रिस्का टीचर होत्या. शकूला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, कुठे उभी होतीस ते दाखव म्हणून. रस्त्याकडेला समोरच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या स्कूटरी लावलेल्या होत्या. शकूने दोन स्कूटरींमधली जागा दाखवली. हर्षवर्धन तिथे उभा राहिला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "इथून तर रस्ता चांगला दिसतो," तो म्हणाला.

शकू तिथेच उकिडवी बसली. अशी ती रोज दहा वेळा बसायची, पोरांच्या नाड्या बांधायला, नाकं पुसायला. पण रस्त्याकडे तोंड करून ती कधी बसली नव्हती. ती बसली, आणि बसल्या जागी थिजली.

डावीकडे स्कूटरची सीट होती. उजवीकडे दुसऱ्या स्कूटरचं चाक आणि पायदान. रस्ता नव्हताच. कुठून गाडी येते, किती लांब आहे, काही नव्हतं. समोर मात्र हातभर रुंदीची एक फट होती आणि त्या फटीतून थेट पलीकडचा फुटपाथ दिसत होता. तिथे कुणी उभं असलं तर तेवढंच दिसलं असतं. डोक्यापासून पायापर्यंत. आपला बाप, आणि मधे काहीच नाही.

"साहेब," शकू म्हणाली. "हितं बसा."

हर्षवर्धनची पँट फिकट रंगाची होती आणि जमीन चिखलाची. तो क्षणभर घुटमळला, मग बसला. त्याने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग समोर बघितलं. बराच वेळ तो उठला नाही. जितेंद्र वाकून म्हणाले, "काय झालं?" तो म्हणाला, "तुम्हीपण बसा." जितेंद्र बसले. गणवेशातला हवालदार, अभियंता आणि शाळेची मावशी, तिघं रस्त्याकडेला उकिडवे. येणारे-जाणारे बघत होते.

"वीस वर्षं वाहतुकीत आहे," जितेंद्र शेवटी म्हणाले. मग त्यांनी पुन्हा एकदा डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

कामं झाली, पण एका फटक्यात नाही. नवा अर्ज सोमवारी गेला, त्यावर एकशे अठ्ठ्याण्णव सह्या होत्या. पंधरा दिवसांत गेटाच्या दोन्ही बाजूंना वाहनं लावायला बंदीचे फलक लागले. ते लागल्याच्या दुसऱ्या दिवशी फलकाला टेकूनच कुणीतरी मोटारसायकल लावली. जितेंद्रनी ती उचलून नेली. मालक शाळेतलाच पालक निघाला. गणपतीनंतर गतिरोधक झाला. पहिल्यांदा त्यावर पांढरे पट्टे नव्हते आणि पहिल्याच संध्याकाळी एक दुधवाला त्यावरून पडला. हर्षवर्धनने स्वतः उभं राहून पट्टे मारून घेतले. कठडा यायला दिवाळी उजाडली. शाळा सुटायच्या वेळी पोलीस रोज मिळणं शक्य नव्हतं, शनिवारी मिळू लागला. म्हणून पालकांनी सहाही दिवसांसाठी आपसांत पाळ्या लावल्या. दोघांनी जाकीट घालून, थांबण्याची पाटी हातात घेऊन उभं राहायचं.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते एका नियमावरून. मुलाला न्यायला गेटाच्या आत यायचं, स्वतः चालत. समोर थांबायचं नाही, आणि रस्त्यापलीकडून मुलाचं नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायचं नाही म्हणजे काय, लोक म्हणाले, आपल्याच पोराला हाक मारायची चोरी? फलक लागायच्या आधीच एका आजीबाईंनी तर शाळेत येऊन प्रिस्का टीचरना सुनावलं. टीचर त्यांना घेऊन शकूकडे आल्या. शकूने त्यांना गेटाबाहेर नेऊन दोन स्कूटरींमधे उकिडवं बसवलं. आजींचे गुडघे दुखत होते, तरी त्या बसल्या. उठताना शकूच्या खांद्याचा आधार घेतला आणि घरी गेल्या. पुढे त्या चालत गेटात येऊ लागल्या.

शकू कामावर परत आली होती, पण पहिले दोन महिने तिला मुलांचे हात धरता येईनात. धरले की इतके घट्ट धरायची की पोरं रडायची. प्रिस्का टीचरनी तिला आत ठेवलं, खाऊचे डबे उघडून द्यायला. शाळा सुटण्याच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत उभी असायची. गतिरोधकावर चढताना गाडीचा टायर वाजला की ती खिडकीचे गज घट्ट धरायची. ते कमी होईल असं डॉक्टर म्हणाले होते. काहीसं कमी झालं.

अल्पेशने पाळीसाठी शनिवार मागून घेतले. सगळेच शनिवार. गिऱ्हाइकं त्याने शनिवारी घेणं बंद केलं. तो अकरालाच येऊन उभा राहायचा, ऊन असो की पाऊस. त्याने आणि शकूने त्या दिवसाबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द काढला नाही. एकदा ती त्याला चहा घेऊन गेली. त्याने घेतला. कप परत देताना म्हणाला, "फिजिओला नेतोय रोज. भिंतीला धरून चालते." शकू म्हणाली, "बरं हाय." तेवढंच.

जानेवारीत तेजस्वी शाळेत आली. डावा पाय किंचित आखूड राहिला होता, चालताना ती एका बाजूला झुकायची. मुलांना दोन दिवस त्याचं नवल वाटलं, तिसऱ्या दिवशी सगळी तिच्याबरोबर पकडापकडी खेळू लागली. तिला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. डबा उघडताना तिने शकूला विचारलं, "मावशी, मी पडले तेव्हा तू होतीस?"

"होते."

"मी रडले?"

"नाय रडलीस."

तेजस्वीला ते ऐकून बरं वाटलं. तिने डब्यातली अर्धी पोळी शकूला दिली. शकू ती घेऊन मोरीपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

या जूनला शाळा पुन्हा भरली. ज्युनिअर केजीची नवी पोरं, नवे आईबाप. तेजस्वी पहिलीत मोठ्या शाळेत गेली. शकू आता गेटापाशी परत उभी राहते. पहिल्याच आठवड्यात एक तरुण आई पलीकडे स्कूटर थांबवून हात हलवू लागली, तोंड उघडलं होतं, हाक ओठांवर होती. शकूने आतूनच जोरात मान हलवली. ती बाई गोंधळली, रस्ता ओलांडून आली आणि जरा घुश्शात म्हणाली, "काय झालं मावशी? इथे गतिरोधक आहे, कठडा आहे, एवढी काळजी कशाला? इथे कधी काही झालंय का?"

शकू तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. वर्ष झालं नव्हतं. तिला वाटायचं हे सगळ्या गावाला माहीत आहे, कायमचं माहीत आहे.

"झालंय," ती म्हणाली, आणि त्या बाईला गेटाच्या आतल्या बाकावर बसवून तिने सगळं सांगितलं. चपलेचा अंगठा, हातातून बोटांचं निसटणं, बापाचा वर राहिलेला हात. पोलिसांना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. बाईचा मुलगा मधे मधे तिची ओढणी ओढत होता. तिने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि ऐकून झाल्यावरही खाली ठेवलं नाही. तशीच कडेवर घेऊन ती स्कूटरकडे गेली, त्याला पुढे उभं करायचं सोडून मागे नीट बसवलं, आणि दोन्हीकडे बघून, गाडी हळू काढत घरी गेली.